रांग चुकविण्याची विद्या

प्रवासास निघणाऱ्या कुटुंबांना उपदेश करणारांची आपल्या देशांत अलीकडे मोठी गर्दी झाली आहे. कोणत्या ऋतूंत कोठें जावें, कोठें उतरावें, बरोबर काय घ्यावें, हें सांगणारा उपदेश उपयुक्तच असतो व त्याविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु या उपदेशांत एक कलम असें शिरलें आहे कीं, त्याचा विचार केल्यावांचून तें पुढें जाऊं देणें आम्हांला योग्य वाटत नाहीं. हें कलम म्हणजे रांग चुकविण्याचें. एखादी सुप्रसिद्ध ऐतिहासिक वास्तु पाहावयास जातां ना? मग रांगेंत उभे राहूं नका. थोडे अधिक पैसे टाका, अमक्या दलालास गांठा, तमक्या अधिकाऱ्याची चिठ्ठी न्या, आणि सरळ आंत जा! हा उपदेश देणारा तो शहाणपणाचा म्हणून देतो, घेणाराही शहाणपणाचा म्हणूनच घेतो. आणि आपल्या मागें उन्हांत उभ्या असलेल्या शेंकडों माणसांचें काय होतें, हा प्रश्न दोघांच्याही मनांत येत नाहीं. तो प्रश्न विचारण्यासाठीं हा लेख आहे.

प्रारंभींच एक खुलासा केला पाहिजे. रांग ही कांहीं पूज्य वस्तु नव्हे. तासन् तास तिष्ठत राहण्यांत पुण्य आहे असें आम्ही मानीत नाहीं. उलट जी रांग टाळतां येण्यासारखी आहे ती न टाळणें हा कारभाराचा आळस होय, असेंच आमचें मत आहे. परंतु रांग टाळण्याचे मार्ग दोन आहेत. एका मार्गानें रांगच नाहींशी होते. दुसऱ्या मार्गानें ती जशीच्या तशी राहते, फक्त तींतील आपला वांटा दुसऱ्याच्या माथीं जातो. पहिला मार्ग वेळ वांटून घेण्याचा. दुसरा पुढची जागा विकत घेण्याचा. हे दोन्ही मार्ग एकाच नांवाखालीं खपविले जातात, आणि पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्याला फुकट मिळते. हा घोटाळा दूर करणें हा आमचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं आग्र्याचा ताजमहालच घेऊं. १६३१ सालीं बऱ्हाणपुरास मुमताज महाल वारली. पुढल्या वर्षीं तिच्या समाधीच्या कामास आरंभ झाला, आणि बाग व भोंवतालच्या इमारती धरून सारें काम पुरें होण्यास वीसबावीस वर्षें लागलीं. आज तेथें जाणाऱ्या मनुष्याला एक नव्हे, तीन रांगा भेटतात. पहिली तिकिटाच्या खिडकीपाशीं, दुसरी अंगझडतीच्या दारापाशीं, आणि तिसरी प्रत्यक्ष समाधीच्या चौथऱ्यावर. यांपैकीं पहिली रांग घरबसल्या आगाऊ तिकीट काढल्यानें टळते, आणि ती तशी टाळण्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. दुसरी रांग आगाऊ तिकिटानें टळत नाहीं. कारण झडती प्रत्येकाची व्हावयाची. तिसरी रांग तर दगडांतच कोरलेली आहे. आंतील अष्टकोनी दालन, त्याच्या मध्यभागीं संगमरवरी जाळीनें वेढलेल्या दोन दर्शनी कबरी, खऱ्या कबरी खालच्या तळघरांत. आणि त्या जाळीभोंवतीं फिरून बाहेर पडावयाचें. हें दालन बांधणाऱ्या बादशहानें तिकीट काढून येणाऱ्या सहस्रावधि लोकांचा हिशेब केला नव्हता. तें दार रुंद करतां येत नाहीं, आणि कोणी करूंही नये. म्हणजे एका तासांत आंत किती माणसें जाऊं शकतात, ही संख्या ठरलेली आहे. ती पैशानें वाढत नाहीं, ओळखीनें वाढत नाहीं, आरडाओरड्यानेंही वाढत नाहीं.

आतां थोडें गणित करूं. समजा, एका दारांतून मिनिटाला चाळीस माणसें आंत जातात, आणि दारापुढें हजार माणसें उभीं आहेत. शेवटच्या माणसाला पंचवीस मिनिटें थांबावें लागेल. इतक्यांत चाळीस जणांची एक तुकडी येते, जादा पैसे भरते आणि थेट दारांतून आंत शिरते. या चाळिसांचीं प्रत्येकीं पंचवीस मिनिटें वांचलीं; एकंदर हजार मिनिटें. परंतु त्या तुकडीला आंत जावयास एक मिनिट लागलें, आणि तेवढा वेळ बाहेरचा प्रत्येक मनुष्य अधिक उभा राहिला. बाहेर माणसें हजार. म्हणून त्यांचीं एकंदर हजार मिनिटें गेलीं. वांचलीं हजार, गेलीं हजार! एक मिनिटही नवें निर्माण झालें नाहीं आणि एकही खरोखर वांचलें नाहीं. ज्याला आपण रांग चुकविणें म्हणतों तें वस्तुतः रांग ढकलणें आहे. ज्यांच्या खिशांतून ही हजार मिनिटें काढून घेतलीं त्यांना कोणी विचारलें नाहीं, त्यांची संमति घेतली नाहीं, आणि वसूल झालेल्या जादा पैशांतील एक कवडीही त्यांना दिली नाहीं. माल एकाचा, विकणारा दुसरा, आणि विकत घेणारा तिसरा! अशा व्यवहाराला बाजारांत काय नांव आहे, तें वाचकांना सांगावयास नको.

याच्या उलट पहिल्या मार्गाचें गणित पाहावें. तींच हजार माणसें एकाच वेळीं न येतां नेमून दिलेल्या वेळीं थोडीं थोडीं आलीं, तर रांग होतच नाहीं, आणि कोणाचें मिनिटही जात नाहीं. रांगांच्या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणित्यानें घातला; टेलिफोनच्या संभाषणांवरील त्याचा पहिला निबंध १९०९ सालचा आहे. त्या शास्त्राचा सामान्य माणसानें ध्यानांत ठेवण्यासारखा सिद्धांत असा कीं, येणारांची संख्या दाराच्या शक्तीच्या जवळ पोंचूं लागली म्हणजे थांबण्याचा वेळ प्रमाणाबाहेर वाढतो. आणि म्हणूनच त्या शिगेच्या वेळची गर्दी थोडीशी जरी दुसरीकडे वळविली, तरी थांबण्याचा वेळ फारच मोठ्या मानानें कमी होतो. एका घरानें सकाळीं दहाऐवजीं सूर्योदयाची वेळ धरली, तर त्या घराचें काम होतेंच, परंतु दहा वाजतां येणाऱ्या दुसऱ्या घराचाही भार हलका होतो. रांग चुकविण्याची ही एकच रीति अशी आहे कीं जींत चुकविणारा आणि न चुकविणारा या दोघांचाही लाभ होतो.

ही केवळ पुस्तकी कल्पना आहे असें कोणी म्हणेल, तर त्यानें ताजमहालाच्याच रात्रीच्या दर्शनाकडे पाहावें. सुरक्षिततेच्या कारणानें १९८४ पासून बंद असलेलें हें दर्शन सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें नोव्हेंबर २००४ मध्यें पुनः सुरू झालें. पौर्णिमेची रात्र आणि तिच्या मागच्यापुढच्या दोन दोन रात्री, म्हणजे महिन्यांतून पांच. त्यांतून शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळलेला. पन्नास पन्नास माणसांच्या आठ तुकड्या, आणि प्रत्येक तुकडीस अर्धा तास. एका रात्रींत चारशें माणसें, एक अधिक नाहीं. या वेळीं समाधीच्या आंत जातां येत नाहीं, दुरूनच पाहावें लागतें. आणि तें तिकीट स्वस्त आहे असेंही नाहीं. परंतु आमचा मुद्दा दराचा नसून रचनेचा आहे. ज्यानें आपला अर्धा तास घेतला त्यानें दुसऱ्या कोणाचाही अर्धा तास हिरावून घेतला नाहीं. जी रचना चांदण्यांत चालते ती सूर्यप्रकाशांत कां चालूं नये, याचें समाधानकारक उत्तर आमच्या ऐकिवांत नाहीं.

दिवसाच्या गर्दीवर जो उपाय योजला गेला तो मात्र निराळ्या जातीचा आहे. एप्रिल २०१८ पासून एका तिकिटावर तीन तासांहून अधिक थांबूं नये असा नियम झाला; तो वेळेचाच नियम असल्यामुळें त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु त्याच वर्षाच्या १० डिसेंबरपासून मुख्य समाधीवर जाण्यास पन्नास रुपयांच्या तिकिटावर आणखी दोनशें रुपये बसविण्यांत आले, आणि त्याचा हेतु समाधीवरील गर्दी कमी करणें हा सांगण्यांत आला. गर्दी कमी होईल हें खरें, पण कोणाची? दोनशें रुपये ही कांहीं मोठी रक्कम नव्हे, असें आमच्या वाचकांपैकीं कित्येक म्हणतील. आणि त्यांच्या खिशाला ती मोठी नसेलही. परंतु रोजच्या मजुरीवर जगणारा जो मनुष्य आईबाप, बायको आणि भाऊ यांना घेऊन जन्मांत एकदां तेथें येतो, त्याला पांच माणसांचे अडीचशें रुपयांवरून एकदम साडेबाराशें द्यावे लागतात. तो काय करील? खालीं बागेंत उभा राहून घुमटाकडे पाहील आणि परत जाईल. घड्याळाची चाळणी श्रीमंत-गरीब सर्वांना सारखीच लागते. पैशाची चाळणी मात्र फक्त गरिबालाच अडविते. गर्दी दोहोंनींही कमी होते, म्हणून दोन्ही चाळण्या सारख्याच, हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

आतां प्रतिपक्षाच्या म्हणण्याचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, सर्वांच्या वेळाची किंमत सारखी नसते. ज्याचा एक तास हजारों रुपयांचा, त्यानें तो रांगेंत कां घालवावा? या युक्तिवादांत एक सोयीस्कर चूक आहे. एका तासांत मनुष्य किती कमावितो यावरून त्या तासाची किंमत त्याच्या पेढीवर ठरते, ताजमहालाच्या दारांत नव्हे. सुटीच्या दिवशीं कमाई करणारा आणि न करणारा हे दोघेही रिकामेच असतात. उलट ज्याला वर्षांतून चारच दिवस सुटी मिळते, ज्याची परतीची गाडी रात्रीं ठरलेली आहे, आणि ज्याला आग्र्यास पुनः येणें या जन्मीं शक्य नाहीं, त्याचा एक तास कितीतरी अधिक मोलाचा आहे. श्रीमंताला पुढल्या वर्षीं पुनः येतां येतें. वेळाची किंमत लावावयाचीच असेल, तर पुढची जागा कोणाला द्यावी याचें उत्तर प्रतिपक्षाला रुचेल असें येत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, जादा दरानें आलेला पैसा जतनाच्या कामीं येतो. जतनाला पैसा लागतो, आणि तो आला पाहिजे, हें आम्हांलाही मान्य आहे. ज्याच्यापाशीं अधिक आहे त्याच्याकडून तो अधिक घ्यावा. देणगी घ्यावी, शिलालेखावर त्याचें नांवही घालावें. परंतु देणगीच्या मोबदल्यांत दुसऱ्याची पाळी देऊं करण्याचा अधिकार व्यवस्थापकाला कोठून आला? सार्वजनिक ग्रंथालयाला पुस्तकें देणाऱ्या गृहस्थाचे आपण आभार मानतों. परंतु वाचकाच्या हातांतील पुस्तक हिसकून घेण्याची मुभा त्याला देत नाहीं.

तिसरा आक्षेप पाहुण्यांचा. ताजमहालांत विदेशी प्रवाशाकडून देशी प्रवाशाच्या अनेक पट दर घेतला जातो, आणि त्या महाग तिकिटाबरोबर पायांतील आवरण, पाण्याची बाटली व रांगेंत न तिष्ठतां पुढें जाण्याची सवलत दिली जाते. अतिथिसत्कार ही आपली जुनी रीत आहे, असें या व्यवस्थेच्या समर्थनार्थ सांगतात. आमचें उत्तर असें: ज्या वास्तूचा सांभाळ या देशांतील करांतून होतो, तिच्या दर्शनास परक्यानें अधिक दर द्यावा, यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्या सत्काराची पावती फाडली जाते तो सत्कार नव्हे, विक्री होय. आणि घरच्या माणसांना उन्हांत उभें करून पाहुण्याला त्यांच्यादेखत पुढें नेणें ही कोणत्याच सुसंस्कृत घराची रीत नाहीं. असा मान विचारी पाहुण्यालाही अवघडच वाटेल.

चौथा आक्षेप वृद्ध, अपंग, गर्भवती आणि तान्हीं मुलें कडेवर असलेल्या स्त्रिया यांच्याविषयींचा. यांना पुढें नेऊं नये काय? अवश्य न्यावें, आणि त्यासाठीं त्यांच्याकडून एक पैसाही घेऊं नये. रांगेंतील मनुष्य म्हाताऱ्याला आपण होऊन वाट देतो. तो जेव्हां चिडतो तेव्हां धडधाकट माणसाला पुढें जातांना पाहूनच चिडतो. गरज आणि दर यांतील हा भेद अडाण्यांतील अडाण्यालाही कळतो. तो कळत नाहीं फक्त दरपत्रक तयार करणाऱ्यांना.

येथवर आम्ही हिशेबाची भाषा बोललों. आतां हक्काची बोलूं. प्राचीन स्मारकांसंबंधीं आपल्या देशांत १९५८ सालचा जो कायदा आहे त्याच्या अठराव्या कलमानें, नियमांस अधीन राहून, कोणत्याही संरक्षित स्मारकांत जाण्याचा हक्क जनतेस दिला आहे. कायद्यानें तेथें कृपा, सवलत किंवा सेवा असा शब्द घातलेला नाहीं, हक्क म्हटलें आहे. राज्यघटनेच्या एकोणपन्नासाव्या अनुच्छेदानें राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचें रक्षण करण्याचें कर्तव्य राज्यावर टाकलें आहे, आणि १९७६ सालीं मूलभूत कर्तव्यें घातलीं तेव्हां आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचें कर्तव्य नागरिकावरही टाकलें. ज्याच्यावर जपण्याचें कर्तव्य टाकलें, त्याला पाहण्याच्या वेळीं मागें ढकलावयाचें, हा न्याय उफराटा आहे. एकेकाळीं हीं स्थानें बादशहाच्या मर्जींतील लोकांसाठीं होतीं. इतिहासाच्या मोठ्या उलथापालथीनंतर तीं सर्वांचीं झालीं. मर्जीच्या जागीं पैसा बसवून आपण पुनः दरबारच भरवीत आहों.

दरबाराचें नांव निघालें म्हणून आणखी एका गोष्टीचा विचार करूं. कारण महाराष्ट्रीय माणूस आग्र्यास गेला कीं त्याला ताजमहालाआधीं किल्ल्याचीच आठवण होते. १२ मे १६६६ रोजीं त्या किल्ल्यांत औरंगजेबाच्या दरबारीं शिवाजी महाराजांना मागच्या ओळींत, पंचहजारी मनसबदारांत, उभें केलें गेलें, आणि तो अपमान महाराजांनीं भर दरबारांत बोलून दाखविला. एखादा चतुर गृहस्थ म्हणेल, पाहा, महाराजांनींही रांगेंत उभें राहणें नाकारलें! परंतु ती रांग पाळीची नव्हती, पायरीची होती. तेथें जो आधीं आला तो पुढें, असा नियम नव्हता. ज्यावर बादशहाची मर्जी तो पुढें, असा होता. महाराजांचा संताप त्या नियमावर होता. जादा पैसे भरून पुढें घुसणारा गृहस्थ त्या संतापाचा वारस नसून त्या मनसबदारीच्या नियमाचा वारस आहे.

पाळीची रांग ही समतेची शाळा आहे, आणि या शाळेंत प्रवेश मिळविण्यासाठीं आपल्याच प्रांतांत मोठीं कष्टें करावीं लागलीं आहेत. पंढरपूरच्या विठ्ठलापुढें अस्पृश्य मानलेल्या बांधवांना इतरांप्रमाणेंच जातां यावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं दहा दिवस उपोषण केलें. त्यांचें मागणें काय होतें? पुढें जाऊं द्या, असें नव्हे. सर्वांच्या बरोबर उभें राहूं द्या, असें होतें. ज्या रांगेंत उभें राहण्याच्या हक्कासाठीं एका थोर पुरुषानें प्राण पणास लावले, तिच्यांतून पैशाच्या जोरावर निसटून जाणें हें आपण कौतुकाचें मानूं लागलों आहों.

आणि हें 'आपण' कोण? हा दोष मंत्र्यांच्या किंवा कोट्यधीशांच्या माथीं मारून मोकळें होणें फार सोपें आहे. १ मे २०१७ पासून सरकारी गाड्यांवरील लाल दिवे उतरले, तेव्हां सुशिक्षित मध्यम वर्गानें मोठा आनंद मानला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच वर्गांतील गृहस्थ सहकुटुंब यात्रेस निघण्यापूर्वीं पुरातत्त्व खात्यांत किंवा पोलिसांत कोणी ओळखीचा आहे काय, याची आधीं चौकशी करतो. ओळख निघाली तर प्रश्नच मिटला; न निघाली तर दारांतील दलाल आहेतच. आग्र्यांत यांना लपके म्हणतात. प्रवासी गाडींतून उतरतांच त्याच्यावर झडप घालणाऱ्या या लोकांचा सारा धंदा आपल्या उतावळेपणावर चालतो. गाडीवरचा लाल दिवा उतरला. आपल्या डोक्यांतील अजून उतरावयाचा आहे. मुलांना इतिहास शिकवावा म्हणून आपण त्यांना तेथें नेतों, आणि कबरीवरील जडावाचें काम पाहण्यापूर्वींच तीं एक धडा पक्का शिकून घेतात: बाबांची ओळख असली म्हणजे थांबावें लागत नाहीं. परत आल्यावर तीं बादशहाचें नांव विसरतील. हा धडा विसरणार नाहींत.

हें दुखणें एकट्या हिंदुस्थानाचें नाहीं, आणि म्हणून परदेशांतील दोनतीन उदाहरणें पाहणें उपयोगाचें होईल. अथेन्सच्या अक्रॉपोलिस टेकडीवर सप्टेंबर २०२३ पासून दिवसाला वीस हजार ही कमाल मर्यादा आणि तासातासाचीं तिकिटें सुरू झालीं. हा पहिला मार्ग झाला. परंतु त्याच टेकडीवर २०२५ पासून सामान्यांना दार उघडण्यापूर्वीं व मिटल्यानंतर पांच जणांच्या तुकडीस पांच हजार युरो घेऊन खासगी दर्शन देण्याची व्यवस्था झाली. यांत कोणाची पाळी जात नाहीं, असें सांगतां येईल. परंतु सकाळची थंड वेळ जर उपलब्ध आहे, तर ती उन्हानें हैराण झालेल्या सर्वांनाच कां उघडूं नये? रोमच्या कलोसियममध्यें निराळीच गोष्ट घडली. तेथें वेळेचीं तिकिटें होतीं, पण दलालांनीं यंत्रांच्या साह्यानें तीं घाऊक उचललीं. मग सामान्य प्रवाशाला तींच तिकिटें दुप्पटतिपटीनें घेणें भाग पडलें. २०२३ सालीं तिकिटावर नांव छापण्यास आरंभ झाला, आणि २०२५ सालीं इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेनें या प्रकरणीं सुमारें दोन कोटी युरोंचा दंड बसविला. यावरून एवढेंच दिसतें कीं, वेळ वांटून देणाऱ्यानें त्या वांटणीवर पहाराही ठेवला पाहिजे.

याहून बोलकें उदाहरण लंडनचें आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें राणी एलिझाबेथचें शव सुमारें सव्वानऊशें वर्षांच्या जुन्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें ठेवलें होतें, तेव्हां थेम्सच्या कांठानें मैलोगणती रांग लागली. रांगेंतील प्रत्येकाच्या मनगटाला क्रमांकाची पट्टी बांधली जाई, म्हणजे पाणी पिण्यास किंवा शौचास जाऊन आपल्या जागीं परत येतां येई. अपंगांसाठीं रांग निराळी होती. डेव्हिड बेकहॅम हा जगप्रसिद्ध व गडगंज फुटबॉलपटु त्या रांगेंत बारा तासांहून अधिक उभा राहिला, आणि लोकांनीं त्याचें कौतुक केलें. पार्लमेंटच्या सभासदांना मात्र स्वतःसह पाहुण्यांनाही रांगेवांचून नेण्याची मुभा होती, आणि तिच्यावर टीका झाली. जेथें राजघराणें अजून आहे त्या देशाला पाळीचा मान कळतो, आणि जेथें प्रजासत्ताक आहे तेथें तो कळूं नये, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाहीं.

तेव्हां करावयाचें काय? कारभाऱ्यांना आमचें सांगणें थोडक्यांत असें. गर्दीच्या स्मारकांत सबंध दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडावे, आणि प्रत्येक तिकीट एका भागाचें असावें. प्रत्येक भागांतील कांहीं तिकिटें खिडकीवरच विकण्यासाठीं राखून ठेवावीं. कारण खेड्यांतून येणाऱ्या सर्वांनाच मोबाइलवरून तिकीट काढतां येत नाहीं. तिकिटावर नांव असावें. वृद्ध व अपंग यांना विनामूल्य अग्रक्रम असावा. पैशानें मिळणारा अग्रक्रम देशी असो कीं विदेशी, एकजात बंद व्हावा. आणि अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीनें कोणाला आंत सोडावयाचेंच असेल, तर अशा मंडळींचीं नांवें त्याच दिवशीं दारावरील फळ्यावर लिहून लावावीं. या शेवटच्या उपायानेंच चिठ्ठ्यांची संख्या झपाट्यानें उतरेल, अशी आमची खात्री आहे.

कारभारी सुधारेपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें मात्र नाहीं. ताजमहाल सूर्योदयापूर्वीं अर्धा तास उघडतो. त्या वेळीं तेथें जाणें कोणत्याही कुटुंबाच्या हातचें आहे. तो शुक्रवारीं बंद असतो, हें ध्यानांत ठेवावें. आणि शनिवार-रविवार व नाताळची सुटी टाळणें शक्य असेल त्यानें ती टाळावी, म्हणजे ज्याला ती टाळणें शक्य नाहीं त्याची सोय होईल. तिकीट स्वतः, आगाऊ आणि सरकारी दरानेंच काढावें. शिवाय आग्रा म्हणजे एकच इमारत नव्हे. नूरजहाननें आपल्या वडिलांसाठीं बांधविलेली इतमादुद्दौल्याची समाधि ताजमहालाच्या आधींची आहे, आणि संगमरवरांतील जडावाचें काम तेथें निवांतपणें पाहतां येतें. यमुनेच्या पलीकडल्या मेहताब बागेंतून ताजमहाल समोरासमोर दिसतो. आपल्या छत्रपति संभाजीनगरांतला बिबीचा मकबरा तर कित्येकांनीं ताजमहालाची नक्कल म्हणून न पाहतांच निकालांत काढलेला असतो. ज्याला रांगेचा खरोखरच तिटकारा आहे, त्याला अशीं स्थानें पुष्कळ आहेत. परंतु पुष्कळांना वास्तु पाहावयाची नसते. ती पाहिली असें सांगावयाचें असतें, आणि त्यासाठीं एकाच दारावर सर्वांची झुंबड उडते.

या साऱ्यांतून शेवटीं थोडें थांबावें लागेलच. तें थांबण्यास आमचे वाचक कचरणार नाहींत, अशी आम्हांस आशा आहे. जी समाधि बांधण्यास कित्येक वर्षें लागलीं, तिच्या दारांत अर्धा तास उभें राहण्यांत कमीपणा नाहीं. पुढें म्हातारी असेल, तिला वाट द्यावी. मागें मूल रडत असेल, त्याला पुढें घ्यावें. आणि कोणी पैशाचें तिकीट दाखवून बाजूनें पुढें जाऊं लागला, तर त्याला सभ्यपणें पण मोठ्यानें विचारावें: महाशय, ही जागा आपणांस कोणीं विकली, आणि ती त्याची होती काय?